ही सुरी कोणाच्या हातची?

बहुतेक घरांत असे एखादे अवजार सापडते. माळ्यावर टाकलेला कोयता असेल, पाटावर बसवलेली विळी असेल, नाहीतर स्वयंपाकघरातली जुनी सुरी. पाते झिजून निम्म्यावर आलेले, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली, पण धार अजून कांदा कागदासारखा पातळ चिरणारी. घरातले कोणीतरी विचारते, "हे केलं कोणी?" पात्यावर कंपनीचे नाव नाही, शिक्का नाही. आजी म्हणते, "बाजारातून आणलं होतं." कोणत्या बाजारातून, कोणाकडून, हे तिलाही आता सांगता येत नाही.

असा करणारा शोधून काढता येतो का? पुष्कळदा येतो. नेमके नाव हाती लागले नाही तरी काळ, कामाची पद्धत आणि मुलूख एवढे कळते. तो माग कसा काढायचा हे या प्रकरणात पाहू. उदाहरणासाठी जुन्नर तालुक्यातले आळे हे गाव घेऊ. पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात तो आळेफाटा याच गावाजवळ आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले त्या रेड्याची समाधी इथे आहे, अशी श्रद्धा असल्याने यात्रेला लांबलांबची माणसे येतात. बेल्ह्याचा बैलबाजार, ओतूर, नारायणगाव आणि जुन्नरची पेठ, सगळे हाकेच्या अंतरावर. कांदा, ऊस, टोमॅटो, द्राक्षे पिकवणारा हा भाग, त्यामुळे धारेच्या अवजारावाचून इथे एक दिवस जात नाही. आणि ज्या रस्त्यांनी माणसे आली, त्याच रस्त्यांनी लोखंडही आले आणि लोखंड घडवणारेही.

१. पात्यावर नाव का नसते?

लोहार हा गावच्या बलुतेदारांपैकी एक. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात ही सारी व्यवस्था तपशिलाने मांडली. लोहाराने वर्षभर फाळ, कुळवाची फास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी नव्या करायच्या, जुन्या पाजवून द्यायच्या आणि सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. अशा व्यवहारात सही कोणासाठी करायची? विळा बोथट निघाला तर शेतकरी सरळ लोहाराच्या दारात जाई. घडवणारा आणि वापरणारा एकमेकांना रोज पाहत होते.

दोघांमध्ये अंतर पडले की नावाची गरज भासते. इंग्लंडमध्ये शेफील्ड हे सुऱ्या-चाकूंचे गाव. तिथे १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने कारागिरांची संस्था स्थापन झाली आणि प्रत्येक कारागिराला स्वतःची खूण नोंदवून तीच पात्यावर ठोकणे भाग पडले. माल दूरच्या बाजारात विकला जात होता, गिऱ्हाईक कारागिराला कधी भेटणार नव्हते. खोटा माल कोणाचा हे कळायला खूण हवी होती.

आपल्याकडे कारागीर नाव घालतच नसत, हा समज मात्र चुकीचा आहे. पितळखोऱ्याच्या लेण्यातल्या यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास नावाच्या सोनाराने ती आपण घडवल्याचे कोरले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार करणारा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, आजही शिलालेखातून आपल्याशी बोलतो. ही दोन हजार वर्षांपूर्वीची नावे आहेत. खुद्द जुन्नरच्या लेण्यांतही धातुकाम करणारे भेटतात. एका लेखात कासाकारांच्या, म्हणजे काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. दानाची रक्कम सांभाळायला द्यावी इतकी त्या संघाची पत होती. पण तिथे नाव संघाचे आहे, माणसाचे नाही.

पुढे मराठा काळातल्या महजरांवर, म्हणजे गावच्या निवाड्याच्या कागदांवर, लोक आपापली निशाणी करत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, तशी लोहाराचीही त्याच्या धंद्याची निशाणी असे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गावाच्या न्यायाला साक्षी राहताना तो कागदावर खूण करत होता, पण स्वतःच्या हातच्या पात्यावर ती करायची गरज त्याला वाटली नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नक्षीदार अडकित्त्यांसमोर उभे राहिले की हीच रुखरुख लागते. संग्रह करणाऱ्या दिनकर केळकरांनी तो सरकारच्या हवाली केला म्हणून या वस्तू वाचल्या. अडकित्त्यावरचा मोर बोलका आहे. तो ज्याने घडवला त्याचा चेहरा मात्र आपल्याला दिसत नाही.

२. तीन प्रकारचे घडवणारे

आळ्यातल्या घरात सापडलेले अवजार आळ्यातच झाले, असे धरून चालू नये. निदान तीन वाटा संभवतात.

पहिला गावचा लोहार. त्याचा भाता, ऐरण आणि गिऱ्हाईक ठरलेले. त्याच्या हातच्या वस्तू एकाच पंचक्रोशीत पुष्कळ सापडतात आणि त्या एकमेकींसारख्या असतात. माग काढायला हा सगळ्यात सोपा.

दुसरा घिसाडी. ही फिरस्ती लोहारांची जमात. बिऱ्हाड गाडीवर, भट्टी रस्त्याकडेला. बाजाराच्या किंवा यात्रेच्या गावी पाल ठोकायचे, जमिनीत छोटी भट्टी करायची आणि समोरच्या गिऱ्हाइकाला पाहिजे ते घडवून द्यायचे. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि त्याची बायको घण घालते, हे दृश्य पाहिले नाही असा खेड्यातला माणूस विरळा. म्हणजे घिसाड्याकडची सुरी ही निदान दोघांच्या हातची असते. 'करणारा' शोधताना घण मारणारीला विसरणे हा मोठा अन्याय होईल, आणि तो आपण सर्रास करतो. घिसाड्याचा माग दुकानापाशी लागत नाही. तो एखाद्या बाजाराशी किंवा हंगामाशी जुळतो: "बेल्ह्याच्या बाजारात बसायचे ते", "यात्रेला यायचे ते".

तिसरी वाट बाहेरगावची. जुन्नर तालुक्यात विघ्नहर सहकारी साखर कारखाना आहे, आणि ऊसतोडीला बीड-नगरकडून टोळ्या येतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. गावाकडून आणलेला कोयता हंगामाच्या शेवटी इथल्याच एखाद्या घरात राहून गेला, तर त्याचा लोहार शे-दोनशे किलोमीटर दूर असणार. म्हणून अवजार हातात घेतले की आधी विचारायचे: हे कशासाठी केलेले आहे? ऊस तोडायचा कोयता, कांदा काटायचा विळा आणि मांस कापायची सुरी यांचे वजन आणि वाक वेगळे असतात. काम कळले की ते काम करणारी माणसे कुठून आली हा पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

३. लोखंड काय सांगते?

आता पात्याकडे वळू. लोखंड आणि पोलाद यांत फरक कार्बनचा. बाजारात ज्याला माइल्ड स्टील म्हणतात त्या मऊ लोखंडात शंभर भागांमागे साधारण पाव भाग किंवा त्याहून कमी कार्बन असतो. हेच प्रमाण अर्ध्या भागाच्या पुढे गेले की धातूचा स्वभाव बदलतो. असे पोलाद लालबुंद होईपर्यंत, सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की ते कडक होते. लोहार याला 'पाणी देणे' म्हणतात. मऊ लोखंडाला कितीही पाणी दिले तरी त्याची धार टिकत नाही.

कडक झालेले पाते ठिसूळही होते. दगडावर पडले तर धारेचा कपचा उडतो. म्हणून लोहार ते पुन्हा थोडे गरम करतो. घासून उजळलेल्या पात्यावर तेव्हा रंग चढत जातात. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. कोणत्या रंगावर थांबायचे हे त्याचे कसब. पिवळ्यावर थांबला तर धार जास्त कडक, निळ्याकडे नेले तर पाते जास्त चिवट. तापमापक नसताना डोळ्यांनी केलेला हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या पात्यात राहतो. वापरताना धार तुटते की मुडपते, यावरून तो ओळखता येतो.

घरी करण्याजोगी एक परीक्षा कानशीची. बारीक कानस पात्याच्या धारेपाशी आणि पाठीवर हलकेच टेकवून सरकवा. कानस लागली, बारीक कीस निघाला तर धातू मऊ. कानस घसरली तर कडक. धारेवर घसरते आणि पाठीवर लागते, असे झाले तर लोहाराने फक्त धारेला पाणी दिले असेल, नाहीतर मऊ लोखंडाच्या अंगाला पोलादाची धार जोडली असेल. दोन्ही जाणत्या हाताची लक्षणे. लोहचुंबकाचा इथे काही उपयोग नाही. लोखंड, पोलाद आणि स्टेनलेसच्या बहुतेक सुऱ्या, सगळ्यांना तो चिकटतो.

हे लोखंड आले कुठून? नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक खनिजापासून लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंडाच्या पट्ट्या स्वस्त मिळू लागल्या आणि गाळण्याचे काम मागे पडले. तेव्हापासून गावचा लोहार लोखंड विकत घेऊ लागला किंवा मोडीतून मिळवू लागला. बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव, झिजलेली कानस, आणि मोटारी आल्यावर ट्रकच्या कमानीचा पाटा. पाट्याचे लोखंड लोहारांना फार आवडते. त्यात शंभराला अर्ध्याहून थोडा जास्त कार्बन असतो आणि ते मुळातच चिवट असते. "पाट्याचा कोयता आहे" ही आजही बाजारात हमी समजली जाते.

मोडीचे लोखंड आपला पूर्वजन्म पूर्ण विसरत नाही. कानशीपासून केलेल्या सुरीच्या पाठीवर कधी कधी दात्यांच्या तिरप्या रेघा शिल्लक असतात. पाट्याच्या मधल्या बोल्टच्या भोकाचा अर्धा भाग एखाद्या कोयत्याच्या कडेला उरतो.

यावरून काळ कसा ठरवायचा? नियम सोपा आहे. वस्तू तिच्यातल्या सर्वांत नव्या भागापेक्षा जुनी असू शकत नाही. ट्रकचा पाटा असेल तर ती मोटारींच्या काळातली. विजेच्या वेल्डिंगचा सांधा असेल तर गावाजवळ वीज आल्यानंतरची. स्टेनलेस असेल तर १९१३ नंतरची, कारण शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने ते त्या वर्षी तयार केले. मात्र हा नियम लावताना पाते आणि मूठ वेगवेगळी तपासावीत. मूठ दोनदा बदललेली आणि पाते आजोबांच्या काळचे, हे अगदी नेहमीचे.

४. हात कसा ओळखायचा?

एकाच पिठाची भाकरी दोन बहिणींनी थापली तरी काठ पाहून घरची माणसे सांगतात, ही थोरलीची. लोहाराच्या हाताचेही तसेच असते. कोणी पाते पाठीकडे जाड ठेवतो, कोणी टोक थोडे वर उचलतो. कोणी धार एकाच बाजूने लावतो. दातेरी विळ्याचे दाते छिन्नीने एकेक पाडतात. त्यांचा कल आणि अंतर पाहिले तर हात किती सराईत होता ते कळते.

सगळ्यात जास्त माहिती मुठीपाशी असते, आणि लोक नेमके तिकडेच पाहत नाहीत. मुठीत शिरणारी लोखंडाची शेपटी तापवून लाकडात घुसवली आहे, लाख भरून बसवली आहे, की आरपार खिळे ठोकले आहेत? खिळ्याचे भोक ठोशाने पाडलेले असेल तर एका बाजूला किंचित फुगवटा दिसतो. यंत्राने पाडलेले भोक गोल आणि रेखीव असते. मुठीच्या तोंडाशी लाकूड फुटू नये म्हणून शेंबी, म्हणजे धातूचे कडे, बसवतात. ती पट्टी वळवून केली की नळी कापून, हेही लिहून ठेवण्यासारखे.

एक मर्यादा लक्षात असू द्यावी. मुलगा बापाकडून आणि पुतण्या काकाकडून शिकतो, त्यामुळे हात बहुधा घराण्यापर्यंत नेतो, एका माणसापर्यंत नेईलच असे नाही. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात बलक नावाच्या कारागिराने स्वतःची ओळख 'कण्हाचा शिष्य' अशी दिली आहे. त्याच्या दृष्टीने तेवढी ओळख पुरेशी होती, आणि आपल्यालाही ती पुरेशी मानायला हरकत नाही.

५. खुणा फसवतातही

पात्यावर खूण सापडली की आनंद होतो, पण तिच्यावर लगेच विश्वास टाकू नये. मराठ्यांच्या फिरंग तलवारी हे याचे ठळक उदाहरण. पाते युरोपातून आलेले, मूठ इथे चढवलेली. पात्यावर जिनोआची कोयत्यासारखी खूण किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचा लांडगा दिसतो. या खुणांना इतका भाव होता की इतरत्रही त्यांच्या नकला झाल्या. इस्फहानच्या असदुल्ला या पोलादकाराचे नावही असेच असंख्य पात्यांवर आढळते. एका माणसाला सात जन्मांत जेवढी करता आली नसती तेवढी ती पाती आहेत.

जपानमध्ये तलवार करणारा आपली सही मुठीत लपणाऱ्या शेपटीवर छिन्नीने कोरतो. तिथेही खोट्या सह्या इतक्या की त्यांना वेगळे नावच आहे, गिमेइ. म्हणून तिथले जाणकार सहीबरोबर शेपटीवरचा गंजही वाचतात, आणि तो गंज कोणालाही घासू देत नाहीत. हा धडा आपल्या घरच्या सुरीलाही लागू आहे. जुने अवजार सापडले की लोक पहिल्यांदा ते चिंचेने नाहीतर पॉलिश पेपरने लखलखीत करतात आणि पुरावाच पुसून टाकतात. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, तेवढे पुरे.

६. एक उदाहरण सोडवून पाहू

समजा, आळ्यातल्या एका घरात वीतभर पात्याची सुरी आहे. गंज धरते, म्हणजे स्टेनलेस नव्हे. धारेवर कानस घसरते, पाठीवर लागते, म्हणजे जाणत्याने पाणी दिलेले पाते. पाठीच्या कडेला अर्धे भोक आहे, म्हणजे बहुधा ट्रकचा पाटा. मुठीचे भोक ठोशाचे, मूठ बाभळीची, शेंबी पितळी नळीची. मुठीजवळ ठोशाने उठवलेले दोन ठिपके.

आता निष्कर्षांच्या तीन पायऱ्या करू. खात्रीचे: पोलाद आहे, हाताने घडवलेली आहे. संभवनीय: मोटारींच्या काळातली, आळेफाट्यासारख्या गॅरेजांच्या ठिकाणी पाटे सहज मिळत असताना केलेली. अजून न कळलेले: ठिपके कोणाचे. ते करणाऱ्याचे असतील, किंवा चार भावांची अवजारे मिसळू नयेत म्हणून घरच्याच कोणी उठवले असतील. हा निकाल एका सुरीवरून लागत नाही. वेगळ्या आडनावाच्या घरात, पलीकडच्या गावात तसेच दोन ठिपके सापडले तर ते करणाऱ्याचे. मग कोणकोणत्या गावांत अशा वस्तू मिळतात त्या कागदावर मांडायच्या. खुणा एका गावाभोवती दाटल्या तर तो गावचा लोहार. बाजाराच्या गावांच्या ओळीने पसरल्या तर घिसाडी असण्याचा संभव अधिक.

७. शेवटी माणसांकडेच जायचे

एवढी तयारी झाली की विचारायला निघावे. म्हातारे लोहार, सुऱ्यांना धार लावत फिरणारे शिकलगार, मुठी बसवून देणारे सुतार, आणि कांदा काटणीला वर्षानुवर्षे जाणाऱ्या बायका. या शेवटच्या साक्षीदारांना सहसा कोणी विचारत नाही. पण रोज बारा तास हातात विळा धरणारीला कोणाचा विळा तळहात सोलतो आणि कोणाचा सोलत नाही, हे पक्के ठाऊक असते.

वस्तू आधी त्यांच्या हातात द्या आणि काही क्षण बोलू नका. मग "बाबा, ही अमक्यांचीच ना?" असे नाव सुचवून विचारू नका. समोरचा माणूस भिडेखातर "हो" म्हणेल. "अशी मूठ कोण बसवायचं?", "असा पाटा कोण वापरायचं?" असे विचारा. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी एकच नाव घेतले तर ते नोंदवा, आणि कोणी कधी सांगितले तेही लिहा. माणूस हयात असेल तर त्याला भेटून, त्याची परवानगी घेऊनच नाव पुढे सांगा. जाताना घरचे दोन विळे पाजवायला न्या आणि ठरलेले पैसे द्या.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. कारखान्याचे विळे आणि छाटणीच्या कात्र्या स्वस्त झाल्या आहेत, पुष्कळ भाते थंडावले आहेत, आणि हात ओळखणारी पिढी थकली आहे. येत्या खंडेनवमीला पूजेसाठी घरातली सगळी अवजारे बाहेर निघतील. हळदीकुंकू लावण्याआधी प्रत्येकाचा पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, दोन्ही बाजूंचा आणि मुठीचा. वहीत कोणी, कुठून, कधी आणले ते घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारून लिहा. आणि यापुढे लोहाराकडून किंवा घिसाड्याच्या पालावरून काही घ्याल तेव्हा घडवणाऱ्याचे, घण घालणारीचे आणि त्यांना शिकवणाऱ्याचे नाव विचारून त्याच दिवशी त्या वहीत उतरवा.